झाड वठण्याच्या चार वर्षे आधी

प्रति,
शहरांतील रस्त्यांकडेच्या झाडांची जबाबदारी सांभाळणारे उद्यान व वृक्ष अधिकारी. रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि वीज विभागांचे अभियंते. तसेच त्यांच्या कामांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस

सविनय नमस्कार.

ज्या रस्त्यावरून मी गेली अनेक वर्षे रोज पायी जाते, त्याच्या कडेचे एक मोठे झाड वठले आणि तोडण्यात आले. तोडण्यापूर्वी त्याची रीतसर पाहणी झाली, कीड लागल्यामुळे झाड मृत झाल्याची नोंद झाली आणि कागदोपत्री ते प्रकरण तेथे संपले. नोंद खोटी नव्हती. सालीखाली कीड खरोखरच होती, तिने पोखरलेल्या नागमोडी वाटा मी स्वतः पाहिल्या. परंतु त्याच झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून चार वर्षांपूर्वी केबलसाठी चर खणला गेला होता, आणि मनगटाएवढी जाड मुळे तोडून मातीच्या ढिगाऱ्यावर टाकलेलीही मी तेव्हा पाहिली होती. पहिल्या वर्षी झाडाला काहीच झाले नाही. दुसऱ्या वर्षी नवी पालवी थोडी लहान आली. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडू लागल्या आणि चौथ्या वर्षी कीड आली. तोपर्यंत चर खणणारा कंत्राटदार, त्यावर देखरेख करणारा अभियंता आणि त्या कामाची फाइल यांपैकी कोणाचाच त्या झाडाशी काही संबंध उरलेला नव्हता.

हे पत्र त्या चार वर्षांविषयी आहे. रस्त्याकडेच्या झाडांची काळजी घेताना आपली जी चूक वारंवार होते, तिचे मूळ मला या कालांतरात दिसते. झाडाला इजा होते तेव्हा ते मरत नाही, आणि ते मरते तेव्हा इजा कोणाच्या लक्षात नसते. त्यामुळे प्रत्येक वठलेल्या झाडाचे खापर किडीवर, वादळावर किंवा झाडाच्या वयावर फुटते. ज्या कामाने ते खरोखर मेले, ते काम पुढच्या रस्त्यावर तसेच सुरू राहते.

हा उशीर का होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. झाड पानांत तयार केलेल्या साखरेतील काही भाग लगेच वापरते आणि उरलेला भाग स्टार्चच्या रूपाने खोडात, फांद्यांत व मुळांत साठवून ठेवते. मुळांचा मोठा हिस्सा तुटला की पाण्याचा पुरवठा घटतो, पाणी वाचवण्यासाठी पानांवरची रंध्रे अधिक काळ मिटून राहतात आणि साखर कमी तयार होते. मात्र नवी पालवी फोडणे, तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे काढणे, जखमेभोवती संरक्षक पेशी उभारणे हे खर्च थांबवता येत नाहीत. ते साठ्यातून भागवले जातात. जोवर साठा पुरतो तोवर झाड बाहेरून हिरवेगार दिसते, आणि साठा संपत येतो तेव्हा कीड व बुरशी यांना रोखून धरणारी रसायने तयार करण्याची ताकदही संपलेली असते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये झाडांच्या ऱ्हासाची जी मांडणी केली, तिच्यात कारणांचे तीन थर आहेत. निकृष्ट वा दाबली गेलेली माती यांसारखी दीर्घकाळची दुर्बलता हा पहिला थर. दुष्काळ किंवा मुळांची तोड यांसारखा अचानक बसणारा आघात हा दुसरा. आणि दुबळ्या झाडावर शेवटी येणारी कीड व बुरशी हा तिसरा. आपल्या पंचनाम्यांत बहुधा हा तिसरा थरच लिहिला जातो, कारण पाहणीच्या दिवशी डोळ्यांना तेवढाच दिसतो.

म्हणून मी आपले लक्ष प्रथम जमिनीखाली वेधू इच्छिते. झाडाच्या मुळांविषयी बहुतेकांच्या मनात असे चित्र असते की ती खोडाच्या थेट खाली खोलवर गेलेली असतात आणि त्यामुळे कडेने खणल्यास फारसे बिघडत नाही. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटीमीटरमध्ये असतात, पाणी व क्षार शोषणारी बारीक तंतुमुळे तर प्रामुख्याने वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये असतात, आणि जागा मिळाली तर ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे पसरतात. याचे कारण साधे आहे. मुळे जिवंत असतात, त्यांना श्वसन करावे लागते आणि मातीतील प्राणवायू जसजसे खोल जावे तसतसा कमी होत जातो. पदपथाची फरशी, तिच्याखालची वाळू, केबल, पाण्याच्या व गॅसच्या नळ्या आणि झाडाचे जीवन हे सारे एकाच उथळ थरात दाटीवाटीने राहते, आणि त्या थरावर ज्या विभागांचा अधिकार आहे त्यांच्या नकाशांत केबल व नळ्या असतात, मुळे नसतात.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी जे प्रमाणक वापरले जाते, त्या बीएस ५८३७ मध्ये मुळांच्या संरक्षित क्षेत्राचा एक सोपा हिशेब दिला आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याची बारा पट करायची आणि तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ झाडाभोवती राखायचे. खोड ५० सेंटीमीटर व्यासाचे असेल तर ही त्रिज्या ६ मीटर होते. शहरातील रस्त्यावर असे संपूर्ण वर्तुळ मोकळे मिळणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु ते नकाशावर काढलेले असले, तर त्या वर्तुळात शिरणारे प्रत्येक काम वृक्ष अधिकाऱ्याच्या नजरेखालून जावे असा नियम करता येतो. आज बहुतेक ठिकाणी चर खणण्याची परवानगी देताना वाहतूक किती दिवस अडेल हे विचारले जाते. त्या अर्जावर चराच्या मार्गात कोणती झाडे येतात, त्यांच्या खोडांचा व्यास किती आणि चर त्यांच्यापासून किती अंतरावरून जाणार, हे तीन रकाने वाढवण्यास फारसा खर्च येणार नाही.

जेथे वर्तुळात शिरणे टाळताच येत नाही, तेथेही मार्ग आहेत. मुळे उथळ असतात, या गोष्टीचाच उपयोग करून त्यांच्या खालून, पुरेशा खोलीवरून आडवे छिद्र पाडून नळी ढकलता येते. दाबाची हवा सोडून माती मोकळी करणारी यंत्रे मुळांना इजा न करता ती उघडी करतात आणि मग केबल मुळांच्या खालून ओवून घेता येते. हे काहीच उपलब्ध नसेल, तर निदान त्या टप्प्यात यंत्राने न खणता हाताने खणावे, दोन-अडीच सेंटीमीटरहून जाड मुळे शक्य तेथे राखावीत, जे मूळ तोडावेच लागेल ते धारदार अवजाराने सरळ कापावे आणि उघडी पडलेली मुळे चर बुजेपर्यंत ओल्या पोत्यांनी झाकावीत. यंत्राच्या दातांनी ओढले गेलेले मूळ जेथे दिसते तेथेच तुटत नाही. ते आत, बुंध्याच्या दिशेने चिरत जाते आणि ती चीर बुरशीला थेट खोडाच्या पायथ्यापर्यंत वाट करून देते. शिवाय बुंध्याजवळची जाड मुळे पाणी शोषण्यापेक्षाही झाडाला धरून ठेवण्याचे काम करतात. ती एका बाजूने तोडलेले झाड काही वर्षांनी सोसाट्याच्या वाऱ्यात दुसऱ्या बाजूला कोसळते, आणि त्याची नोंद वादळात पडलेले झाड अशी होते.

चर निदान दिसतो तरी. माती दाबली जाणे दिसत नाही. चांगल्या मातीच्या आकारमानापैकी साधारण निम्मा भाग पोकळ असतो आणि त्या पोकळ्यांत हवा व पाणी असते. तिच्यावर वाहने उभी राहिली, बांधकामाचे साहित्य रचले गेले, रोलर फिरला, की या पोकळ्या चिरडल्या जातात. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, हवा आत शिरत नाही आणि मातीची घनता एका मर्यादेपलीकडे गेली की मुळांचे टोक तिच्यात घुसूच शकत नाही. एकदा घट्ट झालेली माती आपोआप पुन्हा मोकळी होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि फरशीखाली तर ती होतच नाही. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतणे, बुंध्याभोवती पार बांधून त्यात भर टाकणे, पदपथाची पातळी वाढवताना झाडाचा पायथा अर्धा फूट गाडून टाकणे या सगळ्यांचा परिणाम तोच आहे. गॅसच्या नळीची बारीकशी गळतीही मातीतील हवेची जागा घेते आणि झाड गुदमरते.

अभियंत्यांच्या बाजूची अडचण मी नाकारत नाही. त्यांना रस्ता व पदपथ खचू द्यायचा नसतो, म्हणून माती घट्ट दाबणे हे त्यांच्या दृष्टीने चोख काम असते, आणि नेमके तेच काम झाडाला मारते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि त्यांच्यातील विरोध सोडवण्याचे उपाय गेल्या तीसेक वर्षांत तयार झाले आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी १९९०च्या दशकात एक मिश्रण विकसित केले, ज्यात सुमारे ८० टक्के खडी आणि २० टक्के चिकणमातीयुक्त माती असते. खडीचे दगड एकमेकांवर टेकून पदपथाचा भार पेलतात, आणि दगडांमधल्या फटींतली माती न दबता मुळांसाठी मोकळी राहते. स्टॉकहोम शहराने मोठी खडी आणि जैवकोळसा (हवेविना तापवून केलेला लाकूडफाट्याचा कोळसा) वापरून याच तत्त्वावर रस्त्याकडेच्या झाडांसाठी जमीन तयार केली, आणि पावसाचे पाणीही त्या थरात वळवले. टोरोंटो शहर नव्या बांधकामांसाठीच्या आपल्या हरित मानकांत मोठ्या झाडामागे ३० घनमीटर मातीची अपेक्षा ठेवते. ३० घनमीटर म्हणजे एक मीटर खोल, पाच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब इतका मातीचा साठा. आपण सर्रास जो एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा करतो, त्यात एकच घनमीटर माती मावते. मोठे होणारे झाड अशा खड्ड्यात लावून त्याने ३० वर्षे सावली द्यावी ही अपेक्षा ठेवणे, त्या झाडावर अन्याय करणारे आहे.

मुळांनी पदपथ उचलला ही तक्रारही यातूनच येते. घट्ट दाबलेल्या मातीत मुळांना शिरता येत नाही, आणि फरशीच्या खालच्या बाजूस मात्र थोडी ओल व थोडी हवा असते, म्हणून मुळे तेथे जातात आणि जाड होताना फरशी उचलतात. मग फरशी काढून मुळे छाटली जातात, झाड दुबळे होते आणि काही वर्षांनी नवी मुळे पुन्हा त्याच जागी येतात. पदपथाला त्या जागी हलका चढ देणे, तो झाडाला वळसा घालून नेणे, जोड सैल ठेवून पाणी झिरपेल अशी फरसबंदी करणे किंवा आळ्याचा चौकोन मोठा करणे हे उपाय मुळे तोडण्यापेक्षा नक्कीच टिकाऊ आहेत.

आता छाटणीविषयी, कारण झाडांसाठी होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग तिच्यावर जातो आणि चुकीच्या छाटणीने होणारी हानी मुळांच्या हानीइतकीच उशिरा उघड होते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी साखळी-करवतीने हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या आत कूज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासह त्याची मांडणी प्रसिद्ध केली. प्राण्याची जखम भरून येते, म्हणजे जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाच्या लाकडात तसे होत नाही. झाड जखमेच्या भोवती रासायनिक भिंती उभारून तो भाग कायमचा कोंडून टाकते आणि त्याच्यावरून नवे लाकूड वाढवते. जखम बाहेरून मिटलेली दिसली, तरी आतला कोंडलेला भाग शेवटपर्यंत तसाच राहतो. या शोधाचा छाटणीशी थेट संबंध आहे. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक किंचित फुगीर कडे असते, आणि ही भिंत उभारण्याची सर्वात प्रबळ यंत्रणा त्या कड्यात असते. कड्याच्या लगेच बाहेर कापले, तर झाड ती जखम समर्थपणे कोंडते. खोडाशी सपाट कापले, तर कडेच निघून जाते, जखम मोठी होते आणि कूज खोडाच्या गाभ्यात उतरते. फार लांब खुंट ठेवला, तर तो वाळतो, कुजतो आणि पुढे तेथेच ढोली होते. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याची प्रथा अजून अनेक ठिकाणी पाळली जाते, परंतु त्याने कूज थांबत नाही हे शिगो यांच्याच प्रयोगांत दिसून आले होते. जखमेला उघडे राहू देणे बरे.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे झाडाचा शेंडा व सर्व मोठ्या फांद्या मध्येच तोडून त्याचा खराटा करणे. ही तोड बहुधा सुरक्षिततेच्या नावाने होते, म्हणून तिचे परिणाम तपशिलाने सांगते. पाने एकदम नाहीशी झाल्याने झाडाला साठ्यावर जगावे लागते. आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते. आणि जाड फांद्यांच्या मधल्या कापांना कोंडण्यासाठी कडे नसल्यामुळे त्यांत कूज शिरते. जगण्याच्या धडपडीत झाड कापाच्या कडेने धुमाऱ्यांचे झुपके फोडते. लोक हे धुमारे पाहून झाड पुन्हा जोमाने वाढले असे समजतात. परंतु नैसर्गिक फांदी खोडाच्या आतपर्यंत गुंफलेली असते, तर धुमारा केवळ बाहेरच्या नव्या थरांत रोवलेला असतो, आणि त्याच्या खालचे लाकूड कुजत असते. काही वर्षांत ते धुमारे फांद्यांएवढे जड होतात आणि वाऱ्यात निखळतात. मग तेच झाड धोकादायक ठरते. विजेच्या तारांखालील झाडांसाठी वेगळी पद्धत आहे. तारेकडे जाणारी फांदी, तारेपासून दूर वळलेल्या व तिच्या किमान एकतृतीयांश जाडीच्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे कापली, तर झाडाची वाढ त्या दिशेने वळते आणि धुमारेही कमी येतात. अर्थात यासाठी कापणाऱ्याला झाड वाचता यावे लागते. काम एका दिवसात किती झाडे उरकली यावर मोजले जात असेल, तर तो झाड वाचण्यासाठी थांबणार नाही. आपण निविदेत कापाची जागा आणि एका वेळी काढता येईल तेवढ्या पर्णसंभाराची मर्यादा लिहावी, आणि कापणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

नवी झाडे लावण्याच्या कार्यक्रमांना प्रसिद्धी मिळते आणि लावलेल्या झाडांचे आकडे जाहीर होतात. जगलेल्यांचे आकडे क्वचितच जाहीर होतात. अमेरिकी संशोधक लारा रोमन आणि फ्रेडरिक स्कॅटेना यांनी २०११ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून रस्त्याकडेच्या झाडाचे सरासरी अपेक्षित आयुष्य १९ ते २८ वर्षे काढले. शंभर वर्षे जगू शकणाऱ्या जातींच्या बाबतीत हा आकडा फार बोलका आहे. लहान वयातच मोठ्या संख्येने झाडे मरतात म्हणून सरासरी खाली येते, आणि त्या मृत्यूंपैकी कित्येकांचे कारण लावण्याच्या दिवशीच घडलेले असते. रोप पिशवीत फार काळ राहिले की मुळे गोल फिरून एकमेकांत गुंततात. ती मोकळी न करता किंवा न छाटता तसेच लावले, तर तीच मुळे दहा-पंधरा वर्षांनी जाड होऊन बुंध्यालाच फास लावतात. रोप खड्ड्यात खोल बसवले आणि बुंध्याचा मुळांकडे पसरट होत जाणारा भाग मातीखाली गेला, तर सालीला कायम ओल लागून ती कुजते. आधाराची काठी आणि तिची दोरी वर्षभरात काढायची असते. ती विसरली जाते आणि दोरी खोडात रुतते. लोखंडी जाळीचेही तसेच होते. सालीच्या लगेच आत पानांतली साखर खाली मुळांपर्यंत नेणाऱ्या रसवाहिन्या असतात, त्या आवळल्या गेल्या की मुळे उपाशी मरतात आणि नंतर झाड. खोडाला विद्युतमाळा आवळून बांधणे आणि जाहिरातीचे फलक खिळ्यांनी ठोकणे थांबवण्यास तर कोणत्याही तंत्रज्ञानाची गरज नाही.

पहिली दोन ते तीन वर्षे नियमित व खोलवर मुरेल असे पाणी, प्रशस्त आळे आणि त्यात पाच ते दहा सेंटीमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा लाकडी भुग्याचे आच्छादन, जे बुंध्याला मात्र टेकता कामा नये: एवढ्यावर बहुतेक रोपे मुळे धरतात. आपण कंत्राटदाराला रोप लावल्याबद्दल पैसे देता. त्यातील मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी रोप जिवंत असल्याचे पाहून दिला, तर पाण्याचा टँकर आपोआप वेळेवर येऊ लागेल.

कोणती झाडे लावावीत यावर मी थोडेच लिहिते, कारण हा निर्णय त्या त्या शहराची माती आणि हवामान जाणणाऱ्यांनी घ्यावा. एकच जात रांगेने लावण्याचा मोह मात्र आवरावा. अमेरिकेतील अनेक शहरांचे रस्ते एल्मच्या झाडांनी भरलेले होते. १९३० मध्ये तेथे डच एल्म रोग आला आणि पुढच्या दशकांत ते रस्ते उघडे पडले. त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी ॲश लावले गेले, आणि २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला, ज्याने कोट्यवधी ॲश झाडे मारली. झाडांच्या आनुवंशिकीचे अमेरिकी अभ्यासक फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्येच सुचवले होते की शहरातील झाडांत एका जातीचे १० टक्क्यांहून, एका प्रजातीगटाचे २० टक्क्यांहून आणि एका कुळाचे ३० टक्क्यांहून अधिक प्रमाण नसावे. येथेही इजा आणि मृत्यू यांच्यात काळ गेला. लावणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो मृत्यू पाहिलाही नसेल.

झाडे पडतात, माणसे जखमी होतात, प्राणही जातात, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते. ही भीती खरी आहे, तिला हलके लेखण्याचा अधिकार मला नाही. मात्र ढोली असलेले प्रत्येक झाड कमकुवत नसते. खोडाची मजबुती मुख्यतः त्याच्या बाहेरच्या वलयात असते, आणि गाभा पोकळ असूनही पुरेसे जाड निरोगी वलय असलेले झाड अनेक दशके उभे राहते. याउलट वरून हिरवेगार दिसणारे झाड, बुंध्याशी उगवलेल्या भूछत्रांमुळे जाणकाराला धोक्याचे वाटू शकते. लाकडी हातोड्याने खोड ठोकून आवाज ऐकण्यापासून ते खोडातून ध्वनिलहरी पाठवून आतल्या कुजेचे चित्र काढण्यापर्यंत परीक्षणाच्या पद्धती आज उपलब्ध आहेत. परीक्षण न करता केलेली तोड विश्वास कसा गमावते, हे इंग्लंडमधील शेफिल्ड शहराने दाखवले आहे. तेथे २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा करार झाला, त्याच्या ओघात हजारो झाडे तोडली गेली, त्यांतील अनेक निरोगी होती, आणि नागरिकांच्या दीर्घ विरोधानंतर २०१८ मध्ये तोड थांबवावी लागली. मार्क लोकॉक यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०२३ मध्ये आला आणि नगरपरिषदेला नागरिकांची माफी मागावी लागली.

मेलबर्नचा अनुभव याहून आशादायक आहे. दीर्घ दुष्काळात झाडांची प्रकृती ढासळल्यानंतर त्या शहराने २०१२ मध्ये नागरी वनाचे धोरण स्वीकारले आणि महापालिकेच्या सुमारे ७०,००० झाडांपैकी प्रत्येकाला क्रमांक दिला. नागरिकांना त्या झाडाविषयी तक्रार करता यावी म्हणून प्रत्येकाला ईमेल पत्ताही दिला गेला. तक्रारी आल्याच, पण जगभरातून लोकांनी झाडांना उद्देशून मायेची पत्रेही लिहिली. मला त्या पत्रांपेक्षाही क्रमांकाचे मोल अधिक वाटते. क्रमांक असलेल्या झाडाला इतिहास असतो. नोंदवहीतल्या त्याच्या पानावर लावल्याची तारीख, छाटणीची तारीख, शेजारून गेलेल्या चराची तारीख, पालवी विरळ झाल्याचे पहिले निरीक्षण आणि प्रत्येक नोंदीखाली त्या कामाचा विभाग एवढे लिहिले, तर चार वर्षांपूर्वीचे काम आणि आजचे वठलेले झाड एकाच पानावर येतील. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, लोकप्रतिनिधींची मुदत संपते, कंत्राटदार बदलतात. झाडाचे पान मात्र पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती जसेच्या तसे पडेल. प्रत्येक झाड दरवर्षी तपासणे शक्य नसेल, तर निदान चराला लागून असलेली झाडे, काम झाल्यानंतर सलग पाच वर्षे, पालवीच्या दिवसांत एकदा पाहावीत. शेंडा विरळ होऊ लागलेल्या झाडाला त्या टप्प्यावर पाणी, आच्छादन आणि मोकळी केलेली माती मिळाली, तर त्याचा साठा पुन्हा भरण्याची शक्यता असते. कीड दिसू लागल्यावर सहसा उशीर झालेला असतो.

ज्या झाडापासून मी हे पत्र सुरू केले, त्याच्या जागी पदपथात आता एक मोकळा चौकोन आहे आणि तेथे नवे रोप लावले जाईल असे ऐकते. रोप आणण्यापूर्वी जुन्या झाडाचा खुंट काढून टाकावा, केबल नेमकी किती खोलीवर व किती अंतरावर आहे ते पाहून नकाशात लिहावे, आणि त्या चौकोनापुरते न थांबता पदपथाखालची माती शेजारच्या झाडापर्यंत लांबट पट्ट्यात मोकळी करावी. त्या पट्ट्यातील उरलेल्या झाडांच्या मुळांनाही तिचा लाभ होईल. रोपाला क्रमांक मिळाला, की तो कृपया रहिवाशांना कळवावा. पहिल्या तीन वर्षांत जेव्हा टँकर येणार नाही, तेव्हा पाणी घालण्यास आमच्यापैकी काहीजण तयार आहेत, आणि घातलेल्या पाण्याची तारीख त्याच्या पानावर लिहिली जावी अशी आमची इच्छा आहे.

आपली नम्र,
रस्त्याकडेच्या झाडांखालून रोज पायी जाणारी एक नागरिक